सहा तास बावीस मिनिटं

२ जुलै, मंगळवार

मागच्या वर्षीच्या वजनवहीत चाळीस पानं कोरी उरली आहेत. मोंगोरेच्या विमानतळावर चढणाऱ्या प्रत्येक माणसाचं, गाठोड्याचं आणि कोंबडीचं वजन मी सव्वीस वर्षं लिहीत आलो. आज त्याच वहीत स्वतःचं ओझं उतरवायला बसलोय. दुसरं सांगणार कुणाला? धावपट्टीवरच्या शेळ्यांना?

सकाळी मुख्य कार्यालयाचं पत्र आलं. ज्या दोन विमानतळांमधलं अंतर विमान अर्ध्या तासाच्या आत कापतं, त्यांतला लहान विमानतळ वर्षअखेर बंद. प्रवाशांनी रस्त्याने जावं.

मोंगोरे ते किवेन्झा, हवेतून अठ्ठ्याऐंशी किलोमीटर. वेळ बावीस मिनिटं. वारा समोरून असला तर चोवीस. कॅप्टन लेमाला लघवीची घाई असली तर वीस. काही केलं तरी तीस होत नाहीत. आणि रस्त्याने म्हणाल तर मध्ये नदीचं मुख आहे, पूल नाही, त्यामुळे वळसा घालून तीनशे दहा किलोमीटर! पत्र लिहिणाऱ्याने नकाशा उलटा धरला असावा.

दोघांत लहान कोण, हे विचारायला नको. किवेन्झाला डांबरी धावपट्टी आहे, पंखा आहे, प्रवाशांना बसायला बाकं आहेत. आमच्याकडे आंब्याचं झाड आहे.

बाकी किवेन्झाशी माझं काही अडलेलं नाही. तिथली प्रमुख हिदाया. ती माझी बायको आहे. तलाकचा कागद कुणी केलाच नाही, म्हणून आहे. अकरा वर्षं आम्ही फक्त रेडिओवर बोलतो, आणि तेही वाऱ्याबद्दल.

विमानतळ बंद झाला तर रेडिओही जाईल. गेला तर गेला, मेला कानाशी खरखरतो. तरी पत्र वाचल्यापासून दोनदा त्याच्यावरची धूळ पुसली.

४ जुलै, गुरुवार

आज दुसरं पत्र. ‘अभिनंदन’ या शब्दाने सुरू होणारं सरकारी पत्र मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

मोंगोरे-किवेन्झा हा मार्ग म्हणे बंद होणाऱ्यांच्या यादीत नाही. उलट दोन शेजारच्या विमानतळांमधला तो देशातला सर्वांत लांब प्रवास आहे. जाताना सहा तास बावीस मिनिटं, येताना सहा तास बावीस मिनिटं. एवढा खडतर प्रवास चौदा वर्षं विनातक्रार चालवल्याबद्दल चाळीस पांघरुणं पाठवत आहेत.

तीनदा वाचलं. मग वह्या काढल्या आणि डोक्यात प्रकाश पडला. हिदाया!

माझ्या वहीत विमान दोन वाजता सुटतं. उजाडून दोन तास झाले की दोन वाजतात, हे आमच्या किनाऱ्यावर शेंबड्या पोरालाही कळतं. दिवस उजाडल्यावरच सुरू होतो ना, मग तास तिथूनच मोजणार. परक्यांच्या घड्याळात त्याच वेळेला आठ म्हणतात, कारण ते लोक अर्ध्या रात्री, सगळे घोरत असताना दिवस सुरू करतात. त्यांचं त्यांना लखलाभ. पण हिदायाचं प्रशिक्षण पडलं परक्यांच्या शाळेत. ती विमान उतरल्याची वेळ लिहिते आठ वाजून बावीस मिनिटं. दोनला सुटलं, आठ बावीसला उतरलं. येतानाही तेच. ती लिहिते नऊला सुटलं, मी लिहितो तीन बावीसला पोचलं. पुन्हा सहा तास बावीस मिनिटं.

पूर्वी मुख्य कार्यालयात एक म्हातारे कारकून बसायचे, ते मनातल्या मनात सहा वजा करून घेत. आता ते निवृत्त झाले आणि त्यांच्या खुर्चीवर एक यंत्र आहे.

फॉर्मवर स्पष्ट छापलंय, ‘स्थानिक वेळ लिहावी’. मी स्थानिक, माझी वेळ स्थानिक. म्हणजे चूक तिची. चौदा वर्षांची ढळढळीत चूक, आणि त्याच चुकीमुळे माझा विमानतळ वाचला. आनंद व्हायला हवा. होत नाहीये, राग येतोय. काय माणूस आहे मी!

९ जुलै, मंगळवार

पांघरुणं आली. लोकरीची. इथे घामाने सदरा अंगाला चिकटतो आणि विमान वीस मिनिटांत खाली. तरी गावातली बी पिली (धावपट्टीवर चरणाऱ्या शेळ्या तिच्या) ‘प्रत्येक प्रवाशाला एक पांघरूण’ हा नियम ऐकून अंगभर पांघरूण लपेटून बसली आणि वाफाळत किवेन्झाला गेली. “फुकट आहे ना, मग थंडी वाजतेच,” म्हणाली.

बरोबर नवे नियमही आले. सहा तासांच्या प्रवासात दोन वेळचं गरम जेवण द्यावं. थकवा येतो म्हणून वैमानिक दोन ठेवावेत.

कॅप्टन लेमा डोंगरातला, व्यापारी रक्ताचा. तो कपाळाला हात लावून म्हणाला, “शोमारीभाऊ, बारा जागांचं विमान. दोन वैमानिक बसवले, एक आचारी बसवला, तर प्रवासी पंखावर बसवू?”

“मला काय सांगतोस? किवेन्झाच्या बाईंना सांग. त्यांच्या घड्याळाने हे सगळं मांडलंय.”

“तुम्हीच सांगा ना. रेडिओ समोर आहे.”

मग सांगितलंच. विमान पोचल्याचा तिचा निरोप आला तसा बटण दाबून म्हणालो, “किवेन्झा, तुम्ही चुकीची वेळ लिहिता.”

“मी घड्याळ बघून लिहिते, मोंगोरे.”

“घड्याळाने सूर्याला विचारलं होतं का?”

“सूर्य सही करत नाही. तुमच्या धावपट्टीवर शेळ्या आहेत का, तेवढं सांगा.”

“आहेत. तीन.”

मग तिने अगदी हळू विचारलं, “पत्र वाचलंत ना? अर्ध्या तासाचं?”

“वाचलं.”

“मग नोंदी आहेत तशाच राहू द्या. माझ्यावर राग काढायचा तर काढा, पण वहीत नको.”

म्हणजे हिला माहीत होतं! किती वर्षांपासून कोण जाणे. आणि चूक सुधारायची सोडून मलाच शहाणपण शिकवते. वाऱ्याचं विचारायचं राहिलं.

१२ जुलै, शुक्रवार

आज विटुंबुआ जरा जास्तच गोड झाले. रोज पहाटे तांदूळ वाटून, नारळाचं दूध घालून साच्यात चौदा काढतो. दोन मी खातो, बारा टोपलीत घालून किवेन्झाला पाठवतो. लोक काय वाटेल ते बोलतात. खरं कारण एवढंच, की विमानाच्या शेपटीकडे थोडं वजन लागतं, नाहीतर तोल जातो. लेमा म्हणतो तसं काही नसतं. त्याला काय कळतंय?

टोपली रोज येते तेव्हा स्वच्छ धुतलेली असते. आणि रिकामी. आपल्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत, चिमूटभर मीठ तरी घालतात. अकरा वर्षांत मीठ नाही.

आता लिहायलाच बसलोय तर तेही लिहून टाकतो. तिला किवेन्झाची नेमणूक मिळाली तेव्हा मी म्हणालो, मी माझी धावपट्टी सोडून येणार नाही. ती म्हणाली, धावपट्टी कसली, शेळ्यांचं अंगण आहे ते. शब्दाने शब्द वाढला. ती गेली. आमची म्वानाशा तेव्हा शाळेत होती, तिला मावशीकडे ठेवली. तीन वर्षांनी आमचे अथुमानीकाका मध्ये पडले. ठरलं की आठ ऑगस्टच्या सुट्टीला, आठ वाजता, किवेन्झात काकांच्या ओट्यावर दोघांनी यायचं आणि बसून बोलायचं. आठ-आठला आठ. विसरायची सोयच नव्हती.

मी आदल्या दिवशी रस्त्याने धक्के खात गेलो. नवा पायघोळ कांझू घातला. दुपारची नमाज आटोपून बरोबर आठला ओट्यावर हजर. हिदाया नाही. काका म्हणाले, “पोरगी सकाळीच येऊन बसली होती रे. दुपारच्या बांगेपर्यंत बसली. डोळे पुसत गेली.”

आता मला सांगा, आठला बोलावल्यावर सकाळी येऊन बसायचं आणि आठ वाजायच्या आत निघून जायचं, याला काय म्हणायचं? जिला थांबायचंच नव्हतं, तिने थांबण्याचं सोंग केलं. मी ओट्यावरून उठलो तो आजवर किवेन्झाला गेलो नाही.

१६ जुलै, मंगळवार

ज्याची भीती होती तेच झालं. यंत्राने आता इंधनाचे आकडेही बघितले. विमानात इंधन भरतात एका तासाचं, उडतं सहा तास. तपासणीसाठी माणूस येतोय, झांबियाचे चिलेशे साहेब, करारावर नेमलेले. मोंगोरेहून किवेन्झापर्यंत स्वतः उडून वेळ मोजणार आणि काय तो निकाल देणार.

झांबियात आपलं घड्याळ चालत नाही. त्यांना कुणी समजावून सांगितलं, की खेळ संपला. बावीस मिनिटं, विमानतळ बंद, मी घरी. साऱ्या गावाला बजावलं, साहेबांनी कितीही विचारलं तरी कुणी वेळ सांगायची नाही. बी पिली म्हणाली, “मला कुठे येतेय सांगता? मी भूक लागली की जेवते.”

२२ जुलै, सोमवार

चिलेशे साहेब आले. विमानाने नव्हे, रस्त्याने, वळसा घालून, तीनशे दहा किलोमीटर. कंबर धरून गाडीतून उतरले. उंच, पोट सुटलेले, गळ्यात वेळ मोजायचं चकचकीत यंत्र. मी म्हणालो, साहेब, विमानाने यायचं ना. ते नुसते हसले आणि आमच्या विमानाकडे असे बघायला लागले, जणू ते चावणार आहे.

आमची भाषा मोडकी-तोडकी बोलतात. आंब्याखाली बसवून नारळपाणी दिलं. माझी वही उघडून म्हणाले, “एक विमान. सहा तास. इंधन एक तास. बाकी पाच तास विमान काय पितं?”

“वारा, साहेब.”

“वारा.” लिहून घेतलं.

मग खुर्ची पुढे ओढली. “शोमारी, तू साधा माणूस. मला कळलं. दोन वह्या, एक खोटी. तू सोडतो दोनला. ती बाई उतरवते आठ बावीसला. म्हणजे ती बाई विमान खाली येऊ देत नाही. वर फिरवते. का फिरवते? काही धंदा. उद्या मी उडणार, मोजणार. खोटी वही जिची, तिची नोकरी गेली.”

खोटं कशाला लिहू, पहिल्यांदा गुदगुल्या झाल्या. चौदा वर्षं परकं घड्याळ मिरवलंस ना, घे आता! मान डोलावली आणि साहेबांना आणखी एक नारळ फोडून दिला.

मग संध्याकाळचा वाऱ्याचा निरोप घ्यायला रेडिओ लावला. ती म्हणाली, “किवेन्झा. वारा आग्नेयेचा, मंद. आकाश निरभ्र.” एवढंच. रोज म्हणते तेच. उद्यापासून हे दुसरं कुणीतरी म्हणेल, नाहीतर कुणीच म्हणणार नाही. मला तिचा आवाज हवा आहे. वाऱ्याबद्दल का होईना, हवा आहे. छप्पन्न वर्षांचा घोडा झालो आणि हे आज कळतंय.

तेव्हा ठरवलं. उद्या मी वेळ तिच्या घड्याळाने लिहिणार. आठ. तिची आठ बावीस येईल, दोन्ही वह्या जुळतील. बावीस मिनिटं. मग साहेब विचारतील, इतकी वर्षं दोन कोण लिहीत होता? सांगेन, मी, खोटी वही माझी. विमानतळ जाईल, नोकरी जाईल. तिची राहील. कुठूनतरी एक जुना रेडिओ मिळवीन आणि ती इतरांशी बोलते ते ऐकत बसेन.

२३ जुलै, मंगळवार

कुठून सुरुवात करू?

सकाळी साहेबांना काट्यावर उभं केलं. एकशे सात किलो. कपाळावर घाम. लेमाने शिडी लावली तशी हळूच माझ्या कानात म्हणाले, “शोमारी, मी विमानतळं तपासतो. विमानं नाही. मी कधी बसलो नाही.” मी म्हणालो, मीसुद्धा नाही, साहेब. सव्वीस वर्षांत एकदाही नाही. मला वाटलं त्यांना धीर येईल. त्यांनी माझा हात असा पकडला की बोटं सोडवायला लेमा यावा लागला.

विमान हललं. वही उघडली. लिहिलं: सुटण्याची वेळ आठ. माझ्या हाताने, परकी वेळ. खाली सही केली. वहीत खाडाखोड करणाऱ्याला शिक्षा आहे, त्यामुळे आता माघार नव्हती.

मग बसून राहिलो. एवढी मोठी बावीस मिनिटं आयुष्यात कधी पाहिली नव्हती. शेवटी रेडिओ खरखरला.

“किवेन्झा. उतरलं. दोन वाजून बावीस मिनिटं.”

मला वाटलं कान वाजले. “काय म्हणालात?”

“दोन बावीस. उजाडल्यापासून मोजून. तुमच्या वेळेने लिहिलंय, सहीही केलीय. आता तरी समाधान झालं?”

“अगं बाई! मी आठ लिहिलंय!”

“कुणी सांगितलं होतं आठ लिहायला?”

“साहेब म्हणाले तुला काढणार!”

“मला फोनवर म्हणाले, तुम्हाला काढणार! म्हणाले, तो माणूस विमान सोडल्याचं लिहितो आणि सोडतच नाही. म्हणून म्हटलं वह्या जुळू देत, खोटी माझी होती म्हणून सांगते.”

आठला सुटलं, दोन बावीसला उतरलं. बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. सहा तास बावीस मिनिटं.

आणि मग ती हसायला लागली. रेडिओवर! सरकारी रेडिओवर खो-खो हसली, आणि हसता हसता म्हणाली, “म्वानाशाचे बाबा, आपण दोघं मिळून एकसुद्धा चूक नीट सुधारू शकत नाही हो!”

अकरा वर्षं मी नुसता ‘मोंगोरे’ होतो.

लेमा परत आला तेव्हा बाकीचं कळलं. साहेबांनी विमान हलताच डोळे मिटले ते उतरेपर्यंत उघडले नाहीत. मोजायचं यंत्र सुरू करायचं राहूनच गेलं, त्याची दोरी मात्र चावून चावून तोडली. उतरल्यावर जमिनीवर बसले आणि विचारलं, “किती वाजले?” हिदायाने वही दाखवली, दोन बावीस. साहेबांच्या हातातलं घड्याळ आठ बावीस दाखवत होतं. त्यांनी ते कानाशी धरलं, हलवलं, म्हणाले, भीतीने बंद पडलं असणार, आणि काटे फिरवून दोन बावीस केले. “सहा तास?” असं म्हणून त्यांनी मान हलवली. “मला वाटलं जास्त झाले.”

संध्याकाळी उद्याचे तांदूळ निवडत होतो आणि हात थांबला. ती सकाळी आली होती. डोळे पुसत गेली. ती आठलाच आली होती. तिच्या आठला. आणि तिथून निघाली माझ्या आठच्या आधी. दोघंही वेळेवर आलो होतो! अकरा वर्षं, या अल्ला, अकरा वर्षं. मी तांदळात तोंड लपवून रडलो. उद्या टोपलीतले विटुंबुआ थोडे खारट होणार आहेत.

५ ऑगस्ट, सोमवार

चिलेशे साहेबांचा अहवाल आला. मार्गाला सहा तास बावीस मिनिटं लागतात हे त्यांनी ‘स्वतः भोगून’ खात्री करून घेतलंय. दोन्ही वह्या अचूक. अधिकारी प्रामाणिक. इतक्या दूरचा विमानतळ बंद करणं अमानुष ठरेल. इंधनाच्या प्रश्नावर शेरा असा: ‘स्थानिक वाऱ्याचा उपयोग केला जातो.’

आणखी साठ पांघरुणं येताहेत. लेमाने बाजारात गिऱ्हाईक आधीच बघून ठेवलंय.

७ ऑगस्ट, बुधवार

काल टोपली परत आली ती जड होती. वाटलं, लेमाने स्वतःचा काही माल घातलाय. फडकं काढलं तर आंब्याचं लोणचं, माझ्या आईच्या पद्धतीचं, वर चिमूटभर मीठ, आणि एक चिठ्ठी.

‘परवा आठ-आठ. सुट्टी आहे. काका नाहीत, पण ओटा आहे. आठ वाजता या.’

कुठल्या आठला, ते लिहिलेलं नाही. रेडिओवर विचारता आलं असतं. बटणावर बोट ठेवलं आणि काढून घेतलं. अकरा वर्षांपूर्वी एवढा एकच प्रश्न विचारायचा होता, तो आज सगळ्या जिल्ह्याला ऐकू जाईल असा काय विचारायचा?

आजच्या विमानाने जातोय. बी पिलीला सांगितलं, शेळ्या तुझ्या, तूच हाक. लेमाला म्हटलं, मी नसताना परतीचं विमान कसं उतरवशील? तो म्हणाला, “भाऊ, तुम्ही नसलात तरी जमीन तिथेच असते ना?” मला थोडं वाईट वाटलं.

उद्या तिच्या आठला ओट्यावर जाऊन बसेन. ती आली तर आली. नाही आली तर माझ्या आठपर्यंत तिथेच बसेन. मधले सहा तास आहेत. सोबत लोणचं आहे, आणि यंदा एक पांघरूणही आहे.

विमान तयार आहे. आता काट्यावर उभा राहतो.

प्रवासी: शोमारी. वजन: एकाहत्तर किलो. टोपली: एक, भरलेली.